बहात्तर किलोंचा माणूस

सुई चोपन्नवर थांबली. तिसरं वीस किलोचं लोखंडी वजन चौकटीवर ठेवून, हात झटकून, कंबर धरून तो सरळ झाला तेव्हा ती चोपन्नच्या रेघेपाशी जराशी मागेपुढे झाली आणि पोट भरल्यावर मांजर बसतं तशी स्वस्थ बसली. वीस, वीस आणि वीस मिळून साठ होतात हे त्याला नोकरीला लागायच्या आधीपासून माहीत होतं, आणि गेल्या अठ्ठावीस वर्षांत त्यात बदल झाल्याचं परिपत्रक त्याच्या टेबलावर आलं नव्हतं. त्याने तिन्ही वजनं उतरवली. सुई शून्यावर, अगदी केसाच्या रुंदीइतकीही इकडेतिकडे नाही. एक चढवलं, अठरा. दुसरं चढवलं, छत्तीस. तिसरं चढवलं, चोपन्न. शेकडा दहा कमी, सगळीकडे सारखं. वजनमापे खात्यात तपासनीस म्हणून त्याने तऱ्हेतऱ्हेचे खोटे काटे पाहिले होते. कुणी शून्यापाशी खोटं बोलत, कुणी फक्त मोठ्या वजनाला, काही लहरी, सकाळी एक आणि दुपारी दुसरंच सांगणारे. पण इतकं सुसंगत, कुणावर जास्त नाही की कुणावर कमी नाही असं खोटं क्वचित भेटतं. अशा काट्याबद्दल त्याला एरवी थोडा आदरच वाटला असता. हा काटा मात्र बाळंतपणाच्या दवाखान्यातला होता, तिसऱ्या मजल्यावरच्या वजनाच्या खोलीतला, आणि त्याच्या बाजूला चिकटवलेल्या गेल्या वर्षीच्या पडताळणीच्या कागदावर जी सही होती ती त्याचीच होती. चांगली ठसठशीत, शेवटी खाली शेपूट असलेली. बाजारात त्याला सगळे काटेसाहेब म्हणत, आणि ही सही पाहिली की दुकानदार दोन पावलं मागे सरत.

खोलीत तो एकटाच होता. सिस्टर खाली औषधांच्या पेट्या उतरवून घ्यायला गेल्या होत्या, आणि बाहेर लांबट व्हरांड्यातल्या बाकांवर बायका येऊन बसायला लागल्या होत्या. दहा वाजता वजनं सुरू होणार. खिडकीच्या धुरकट काचेतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा होता, आणि त्या उजेडात हिरवा पडदा, कापसाचा डबा, उंची मोजायची पट्टी, सगळंच तळ्याच्या तळाशी ठेवल्यासारखं संथ दिसत होतं. गेल्या वर्षीही हाच उजेड होता. मग त्याला सगळं आठवलं, म्हणजे आठवायचं तो टाळत होता ते संपलं. गेल्या वर्षी लिफ्ट बंद होती. काट्याची स्प्रिंग तुटल्यावर दवाखान्याच्या मेकॅनिकने दुसऱ्या कुठल्याशा यंत्रातली काढून इथे बसवली होती, म्हणून पुन्हा शिक्का हवा होता. साठ किलो लोखंड खाली जीपमध्ये होतं, ड्रायव्हर चहाला गेला होता, आणि मध्ये तीन मजले होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, "साहेब, चांगला चालतोय हो. शिक्का मारा नि मोकळे व्हा." पण नुसता शिक्का मारणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने बूट काढले, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि स्वतः काट्यावर उभा राहिला. सुई बहात्तरवर आली. तो बहात्तर किलोंचा होता. सव्वीस वर्षांचा असताना प्रशिक्षणात त्यांच्या मास्तरांनी गंमत म्हणून सगळ्या उमेदवारांना मोठ्या तराजूत बसवून पलीकडे पितळी प्रमाणित वजनं रचली होती, आणि एकट्या त्याच्याच वेळी दांडी अशी सरळ राहिली की मास्तर म्हणाले, "हा घ्या, चालताबोलता प्रमाण!" सगळे हसले होते. तोही हसला होता, पण घरी जाताना जरा जपून चालला होता. बहात्तर. लग्नात बहात्तर, मुलगी झाली तेव्हा बहात्तर. विम्याच्या फॉर्मवर, रक्तदानाच्या कार्डावर, शेजाऱ्यांशी गप्पांत बहात्तर. काट्याने बहात्तर दाखवले म्हणजे काटा बरोबर. इतकी स्वच्छ पडताळणी त्याने आयुष्यात फार थोड्या वेळा केली होती.

आता हा काटा बहात्तर म्हणतो तेव्हा वर उभा असलेला माणूस ऐंशी किलोंचा असतो. हे गणित चौथीतल्या पोरालाही पटेल. त्यालाही पटत होतं, फक्त अंगाला पटत नव्हतं. त्याने शर्टावरून पोट चाचपलं. ते तिथे होतं, पण पोट सगळ्यांनाच असतं. मग तो खिडकीपाशी गेला आणि बायकोला फोन लावला.

"अगं, माझं वजन किती असेल?"

"अहो, सकाळी सकाळी काय काढलंत? बरं वाटतंय ना?"

"बरं आहे. सांग ना. अंदाजे."

"ऐंशी असेल की."

तिने इतक्या सहज सांगितलं, दुधाची पिशवी संपली म्हणून सांगावं तसं, की त्याची नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्या वाऱ्यात फुगत होत्या.

"तुला कसं माहीत?"

"तुमच्या सगळ्या पँटी मीच सोडते ना कमरेला. तीनदा सोडल्या. करडी चारदा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? आल्यागेल्याला बहात्तर बहात्तर सांगत असता. कोण तुमच्या तोंडाला लागणार? आपली सुई दोरा घ्यायचा नि बसायचं." मग तिचा आवाज बदलला. "आज बारकीची तारीख आहे ना तिथे? भेटली का? आज तरी तिचं वजन भरू दे गं बाई."

बारकी म्हणजे त्यांची मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून बारकी, आणि पुढे नाव ठेवल्यावरही घरात बारकीच राहिली. तिला आठवा महिना चालू होता. या दवाखान्यात तिचं नाव त्यानेच घालायला लावलं होतं. जावई दुसऱ्या, नव्या, काचेच्या दवाखान्याचं म्हणत होते, पण जेवताना चमचा खाली ठेवून तो म्हणाला होता, "ते दिसायला छान आहे. इथला काटा मी स्वतः पाहिलाय." जावयांनी मान डोलावली होती. सासऱ्याच्या खात्यातल्या गोष्टीत जावई बोलत नाहीत.

त्याने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच भिंतीवरचा तक्ता वाचला. गेल्या वर्षीही तो तिथेच असणार, पण तेव्हा त्याचं लक्ष सुईवर होतं. तक्त्यावर तीन बायका काढल्या होत्या, एक सडपातळ, एक मध्यम, एक भरलेली, तिघींच्या चेहऱ्यावर एकच हसू. प्रत्येकीखाली लिहिलं होतं की दिवस राहिले तेव्हा उंचीच्या मानाने वजन किती असेल तर नऊ महिन्यांत किती वाढू द्यायचं. मधलीने बारा ते सोळा किलो वाढावं. भरलेलीने सात ते अकरा, बस. सगळ्यात खाली बारीक अक्षरात, जिथे कुणाची नजर जाणार नाही याची काळजी घेतल्यासारखं, बाकीचं होतं. वजन फार कमी असेल तर मूल अशक्त होऊ शकतं, दिवस भरायच्या आधी येऊ शकतं. फार जास्त असेल किंवा वाढलं तर आईला साखर, रक्तदाब. मूल मोठं, बाळंतपण अवघड, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरण्याची भीती, आणि पुढे मोठेपणी त्या मुलाचंही वजन आणि साखर वाढण्याची शक्यता अधिक. शक्यता. हा शब्द त्याच्या कामात नव्हता. त्याच्या कामात बरोबर, चूक आणि जप्त एवढंच होतं. बारकी पहिल्या दिवशी या काट्यावर साठ भरली होती आणि सिस्टरांनी तिला मधल्या बाईच्या खाली घातलं होतं. साठ म्हणजे सहासष्ट आणि वर काही. ती तिसऱ्या बाईची होती. तिसऱ्या बाईची साखर लवकर तपासतात हेही तिथेच लिहिलं होतं. मधलीची नंतर, सवडीने. आणि नंतर दर महिन्याला काट्यावरून उतरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणत, वाढ जरा कमीच आहे हं, खात जा. आणि ती खात होती, आणि तो नेत होता. रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो मुलीच्या घराच्या पायऱ्या डबा घेऊन चढायचा. उकडलेले बटाटे, लोणी, अंडी, साय, केळी. हा बाप आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरला म्हणून बायकोने कौतुकाने शेजारणींना सांगितलं होतं. बटाट्यात लोणी किती घालायचं ते तो हाताने अंदाजे घ्यायचा. पन्नास ग्रॅमच्या मापाने दुकानदारांना धारेवर धरणारा माणूस घरी लोणी अंदाजे घालायचा, आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला पडायचा, प्रेमात पडतो तसा.

तो काट्यासमोरच्या स्टुलावर बसला. वजनं चौकटीवरच होती आणि सुई चोपन्नवर. त्याला वाटायला लागलं की खोली भरत चाललीय. वर्षभरात या चौकटीवर किती बायका चढल्या असतील? आठवड्याला चाळीस धरल्या तर. प्रत्येकीचे सहा किलो, सात किलो, आठ किलो काट्याने काढून घेतले आणि परत दिले नाहीत. ते गेले कुठे? वजन नाहीसं होत नसतं हे शाळेत शिकवतात. ते इथेच असणार, पडद्याच्या घड्यांत, छताच्या कोपऱ्यात, ओल्या कपड्यांच्या वाफेसारखं लोंबत. आणि त्या बायका शहरभर शेकडा दहाने हलक्या होऊन फिरत असणार, रस्त्यापासून बोटभर वर, भाजी घेताना, जिना चढताना, बसची वाट पाहताना किंचित तरंगत, आणि आपण इतक्या हलक्या का म्हणून घाबरून घासामागून घास घेत. त्याला त्या स्पष्ट दिसल्या. एक पोस्टाच्या रांगेत, हातात पावाचा तुकडा. एक शाळेच्या फळ्यापाशी, मुलं गणित सोडवताहेत तोवर पाठमोरी होऊन केळं सोलणारी. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. फक्त एकीने वळून बघितलं आणि ती त्याची आई होती. आई तशी इथे यायचं कारण नव्हतं, तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण ती वळली आणि हातातली साखरेची चिमूट तिने पटकन मागे लपवली. तो पोटात होता तेव्हा त्याच्या आजीने आईचं खाणं बांधून दिलं होतं. दोन वेळा, अर्धं पोट. मूल लहान राहिलं की सुटका सोपी, असं आजीचं म्हणणं, आणि आजीने स्वतः सहा मुलं अशीच सोडवली होती, त्यांतली तीन जगली होती. आईला भूक लागायची. डब्यातली साखर चिमटीने तोंडात टाकून ती विरघळेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, असं तिने म्हातारपणी त्याला हसत सांगितलं होतं. तो जन्मला तेव्हा कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर फडक्यात गुंडाळून तोलला होता. पावणेदोन किलो, फडक्यासकट. आणि चाळिशीत त्याला साखरेचा त्रास निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, जन्मतःच फार लहान असलेल्यांतही हे दिसतं बरं का. तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं. आता त्या खोलीत त्याला वाटलं, आजीकडे तक्ता नव्हता, काटा नव्हता, शिक्का नव्हता, तिने नुसत्या हाताच्या अंदाजाने सुनेला अर्धं ठेवलं. आणि आपल्याकडे सगळं होतं. आजी निदान वजनं खाली ठेवून आली नव्हती.

काट्याच्या मागे, पत्र्याच्या झाकणाखाली, स्प्रिंग सैल-घट्ट करायचा एक स्क्रू असतो. त्याने झाकण काढलं. वाकून त्या स्क्रूकडे बघताना त्याच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका नीटनेटका होता की कुणी तरी आधीच टाइप करून ठेवल्यासारखा वाटला. आज एकदम बरोबर केला तर आज दहा वाजता चाळीस बायका एका महिन्यात सात-सात किलोंनी वाढतील आणि आरडाओरडा होईल. पण आज फक्त पाव वळसा दिला, पुढच्या आठवड्यात तपासणीच्या निमित्ताने आणखी पाव, तर पाच आठवड्यांत काटा बरोबर येतो. बायकांची वजनं हळूहळू, शहाण्यासारखी वाढतात. डॉक्टरीणबाई खूश होतात. बारकीला म्हणतात, छान हं, आता भरलं. पाच आठवड्यांनी बारकी बाळंत होते. कुणाचं काही बिघडत नाही, म्हणजे बिघडलेलं कुणाला कळत नाही. आणि बारकीला तो म्हणेल, आता जेवण जरा कमी कर बेटा, एवढं पुरे. कारण तो बाप आहे, बापांना काही तरी वाटतच असतं. मधे फक्त तिची साखर तपासायची राहून जाईल. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत टेकवलं. खाच थोडी गंजली होती. टोक तिथे टेकलेलं ठेवून तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, आणि त्याला वाटलं आपण झोपेत आहोत, कारण जागेपणी इतकं सोपं काही नसतं.

"बाबा? तू इथे काय करतोस?"

तो दचकून सरळ झाला आणि त्याचं डोकं उंचीच्या पट्टीला आपटलं. दारात बारकी उभी होती. सैल निळा झगा, पायांत नवऱ्याच्या चपला, कारण तिच्या होईनात. चेहरा चकाकत होता. ती आत आली, दार लोटलं, आणि कटात सामील करून घ्यावं तसं हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं तूच आहेस. तुझ्या ओळखीचा आहे ना हा काटा? जरा दोन किलो जास्त दाखवायला सांग त्याला."

"का गं?"

"का म्हणजे? मागच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या, वाढ कमी आहे. आज मी दीड लिटर पाणी पिऊन आलेय, इथून हललं तर गुडुगुडु वाजेल. आणि हे बघ." तिने झग्याच्या दोन्ही खिशांतून हात बाहेर काढले. एका हातात घराच्या, कपाटाच्या, ऑफिसच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात पितळी खलातला बत्ता. "हसू नकोस. बाहेरची ती चष्मेवाली आहे ना, ती तर नवऱ्याचे बूट घालून येते. आम्ही सगळ्याच काही ना काही आणतो."

तो हसला नव्हता. बत्ता अर्धा किलोचा असेल असं त्याच्या हाताने, त्याला न विचारता, ठरवूनही टाकलं होतं. ती चौकटीवरच्या लोखंडी वजनांकडे बघत होती. तीन वजनं, प्रत्येकावर ठळक वीस. मग तिने तबकडीकडे बघितलं. ती बँकेत होती. आकडे तिला सांगावे लागत नसत.

"बाबा, हे चोपन्न का दाखवतंय?"

बाहेर एक बाई खोकली. कुणीतरी कुणाला सरकून बसायला सांगितलं. त्याच्या मनात चारपाच वाक्यं रांगेत उभी राहिली, सगळी कामाची, सगळी ऑफिसच्या भाषेतली, आणि एकामागून एक रांग सोडून गेली.

"काटा चुकीचा आहे," तो म्हणाला. "शेकडा दहा कमी दाखवतो. वर्षभर. गेल्या वर्षी मी वजनं वर आणली नाहीत. स्वतः उभा राहिलो. मला वाटलं मी बहात्तर आहे."

"तू बहात्तर?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा क्षणभर तिच्या आईसारखा झाला. मग ते गेलं. ओठ हलले, ती मनात भाग देत होती. "म्हणजे मी एकोणसत्तर नाही."

"शहात्तर. थोडी वर."

"आणि सुरुवातीला?"

"सहासष्ट, सदुसष्ट."

तिने भिंतीकडे बघितलं. तिला तक्ता पाठ होता. दर महिन्याला याच खोलीत रांगेत उभी राहून तिने तो वाचला होता, तळाच्या बारीक अक्षरांसकट. तिचं बोट मधल्या बाईवरून उचलून हवेतच तिसऱ्या बाईवर गेलं आणि तिथे थांबलं. ती स्टुलावर बसली. बत्ता मांडीवर.

"मला नको असायचं," ती म्हणाली. "रात्री पोट इतकं भरलेलं असायचं की श्वास घेता यायचा नाही. मी उलटी करून परत खायचे बाबा. रडायचे आणि खायचे. मला वाटायचं माझ्या अंगालाच काही लागत नाही, मी कसली आई होणार. तू जिना चढून यायचास डबा घेऊन, धापा टाकत, म्हणून तुझ्यासमोर सगळं संपवायचे."

डब्याचं झाकण उघडताना तिच्या चेहऱ्यावर येणारं जे त्याला समाधान वाटायचं ते काय होतं हे आता, या पातळ उजेडात, त्याला दिसत होतं.

"बाळाला काय होईल?"

"मला माहीत नाही."

"अंदाजे तरी सांग."

"अंदाजे नको," तो म्हणाला.

ती उठली नाही. तिची नजर काट्याच्या मागच्या बाजूला गेली. उघडं झाकण, खाचेजवळ पडलेला स्क्रूड्रायव्हर. तिने आधी त्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"का नाही? मला आधी सांगायचं म्हणून थांबलास, का मला सांगायचंच नव्हतं म्हणून?"

"तू आलीस तेव्हा," तो म्हणाला, "सांगायचं नव्हतं."

तिने मान हलवली, काउंटरवर कुणाची सही जुळली नाही की हलवत असेल तशी. मग बत्ता टेबलावर ठेवला, किल्ल्या शेजारी ठेवल्या, दोन्ही हात कमरेवर देऊन उठली, दार सताड उघडलं आणि व्हरांड्यात जाऊन म्हणाली, "अहो ताई, कुणी वजनाला आत येऊ नका. काटा चुकीचा आहे. आपण सगळ्या दाखवतो त्यापेक्षा जड आहोत. वर्षभर."

बाकांवरच्या सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. मग चष्मेवाली म्हणाली, "म्हणजे हे बूट मी उगाच घालत होते?" आणि कुणी तरी हसलं, आणि ते हसू बाकावरून बाकावर गेलं, मग मधेच तुटलं, कारण एकजण रडायला लागली होती. सिस्टर जिन्यावरून धापा टाकत आल्या, काय झालं काय झालं करत. त्यांना समजावलं तेव्हा आधी त्या म्हणाल्या, शक्यच नाही. मग म्हणाल्या, साहेब तुम्हीच तर शिक्का मारला. मग अगदी हळू, "म्हणजे मी सात किलो कमी केले ते?" त्याने मान हलवली. "अहो, मी त्याच्यावर नवे कपडे शिवून घेतले हो," त्या म्हणाल्या, "आणि होत नाहीत म्हणून शिंप्याशी भांडले!" बायका उठून दारापाशी आल्या. प्रत्येकीने आपला आकडा सांगितला आणि तो उभ्या उभ्या खरा आकडा सांगत राहिला. त्रेसष्ट, सत्तर ताई. चोपन्न, साठ. काहीजणी आकडा ऐकून हलल्या. एक अगदी काडीसारखी मुलगी, जिला सगळ्यात जास्त रागावलं जायचं, खरा आकडा ऐकून भिंतीला टेकली आणि डोळे मिटून हसली. तिच्यासाठी तो आकडा बरोबर होता. त्याला आणखी कुणाचा चेहरा बघवेना.

डॉक्टरीणबाई सव्वादहाला आल्या आणि ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी केसपेपरांचा गठ्ठा घेतला, पेन घेतलं, आणि तिसऱ्या बाईच्या रकान्यात ज्या गेल्या त्यांची साखर आजच तपासायला लावली. एकवीसजणी निघाल्या. बारकी त्यांत चौथी होती. तिने हातावर कापूस दाबून धरला आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली, त्याच्या शेजारी, मधे एका माणसाची जागा सोडून. ती जागा दोन तास रिकामी राहिली. समोरून बायका जात-येत होत्या आणि त्याला दर वेळी वाटायचं, आता कुणी तरी येऊन मधे बसेल, पण कुणी बसलं नाही. रिपोर्ट आला. साखर वाढलेली होती. फार नाही, पण होती. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, पोटावर टेप लावला, म्हणाल्या, ठोके छान आहेत. बाळ मोठं आहे. आजपासून मी सांगते तसं खायचं, रोज चालायचं, आठवड्याला दोनदा इथे यायचं. पुढे बाळाला काही होईल का, हे तिने पुन्हा विचारलं. "आज सापडलं हे पाच आठवड्यांनी सापडण्यापेक्षा कितीतरी चांगलं," त्या म्हणाल्या, "एवढंच मी खरं सांगू शकते."

मग सिस्टरांनी त्याच्यासमोर चूक-नोंदीचा फॉर्म ठेवला. मागील पडताळणीसाठी वापरलेलं प्रमाणित वजन, असा एक रकाना होता. गेल्या वर्षीच्या प्रतीत त्याच्याच हाताने तिथे लिहिलं होतं, लोखंडी वजनं, तीन, एकूण साठ किलो. त्याने ते खोडलं आणि नव्या फॉर्मवर लिहिलं, स्वतः. हे ऑफिसात पोचलं की काय होईल ते त्याला माहीत होतं. खात्यात असल्या गोष्टींना नियम होता आणि तो नियम तो इतरांना वाचून दाखवत आला होता. खाली साक्षीदाराची सही हवी होती. सिस्टर पेन घ्यायला पुढे झाल्या, पण बारकीने हात पुढे केला.

"नातेवाईक चालत नाही हो त्यावर," सिस्टर म्हणाल्या.

"नातेवाईक म्हणून नाही करत," ती म्हणाली. "मी इथली पेशंट आहे." आणि नात्याच्या रकान्यात तिने तिचा केसनंबर लिहिला, एकशे चौदा, आणि सही केली. मग कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तो आकडा वाचला. अठ्ठावीस वर्षांत इतका बरोबर आकडा त्याच्या फॉर्मवर कुणी लिहिला नव्हता. त्याच्याखाली त्याने सही केली, शेपूट न काढता.

बाक बुटका होता. तिला उठता येईना. तिने इकडे तिकडे बघितलं, मग मधली रिकामी जागा ओलांडून त्याचा खांदा धरला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकून उभी राहायला लागली. त्याचा खांदा खाली गेला, पाठ वाकली, पाय फरशीवर घट्ट रोवावे लागले. अर्ध्यावर ती थांबली, त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

"जड आहे मी?"

"हो," तो म्हणाला. "जड आहेस."

"धर मग नीट," ती म्हणाली.